सहावीतली मुलगी शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेऊ शकते का?

आपल्या भागातल्या मोकळ्या जागेवर मैदान होणार की रस्ता, हे शहराचा विकास आराखडा म्हणजेच डीपी ठरवतो. साधारण २० वर्षांसाठी. मग त्यावर बोलायचा हक्क कोणाला?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार मसुदा जाहीर झाला की ‘कोणतीही व्यक्ती’ मुदतीत लेखी सूचना किंवा हरकत देऊ शकते. मतदानासारखी १८ वर्षांची अट इथे नाही. घर स्वतःच्या नावावर हवं, असंही नाही. म्हणजे सहावीतली मुलगी, फेरीवाला, फूटपाथवर राहणारं कुटुंब, सगळ्यांना हा हक्क आहे.

मग अडतं कुठे?

क्रमामध्ये. मसुद्याच्या आधी कलम २५ नुसार सर्वेक्षण होतं आणि आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा बनतो. मसुदा या नकाशावर उभा राहतो. वस्तीतली बालवाडी, नळ, मुलं खेळतात तो कोपरा त्यात नसेल, तर पुढच्या कागदांवरही तो नसतो. नंतर हरकत घेणाऱ्याला आधी ‘आम्ही इथे आहोत’ हेच पटवून द्यावं लागतं. तेही लेखी, क्लिष्ट नकाशे वाचून, रोजगार बुडवून.

मुंबईचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्येच राज्य सरकारने तो मागे घ्यायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. बेघरांसाठी निवारा, नोकरदार महिलांसाठी निवास, आधार केंद्र अशी आरक्षणं त्यात आहेत. महिला संघटना आणि वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांनी ती लावून धरली होती. कोळीवाडे आणि आदिवासी पाड्यांच्या सीमांचा वाद मात्र सुटला नाही.

मुलांना नकाशातलं काय कळणार, असं अधिकारी विचारतील. पण नगररचनाकार केविन लिंच यांनी १९७० च्या दशकात युनेस्कोसाठी नेमकं हेच तपासलं होतं. १९९० च्या दशकात हा प्रकल्प पुन्हा सुरू झाला, तेव्हा बंगळुरूच्या सत्यनगर वस्तीतली मुलंही त्यात होती. पद्धत अगदी साधी होती: मुलांनी परिसराची चित्रं काढायची आणि मोठ्यांना सोबत घेऊन वस्ती फिरवायची. कुठे खेळतो, कुठे भीती वाटते, कोणत्या रस्त्याने शाळेत जातो. सर्वेक्षण करणाऱ्याला हवी असते ती हीच माहिती.

त्यामुळे मसुद्याची वाट पाहू नका. आराखडा बनवण्याचा किंवा सुधारण्याचा इरादा कलम २३ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर होतो. (बारीक अक्षरात, कुठल्याशा आतल्या पानावर.) तेव्हाही सूचना मागवल्या जातात. मुलांनी काढलेला वस्तीचा नकाशा अर्जासोबत जोडून पालिकेत द्यायचा तो याच वेळी. पोच घ्यायला विसरू नका.