जपानी गृहिणीचें अतिथिगृह

अतिथीस देव मानावें अशी आपली शिकवण. परंतु तो देव रोज सायंकाळीं दाराशीं उभा राहूं लागला, आपल्याच माजघरांत निजूं लागला आणि सकाळीं पैसे चुकते करून जाऊं लागला, म्हणजे घरधनिणीची काय अवस्था होते, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. जपानांत अशीं घरें पुष्कळ आहेत. त्यांस ‘मिन्शुकु’ म्हणतात. हें हॉटेल नव्हे आणि आपल्याकडील खाणावळही नव्हे. कुटुंब स्वतः ज्या घरांत राहतें, त्याच घरांतील चार-पांच खोल्या प्रवाशांस द्यावयाच्या, रात्रीचें जेवण व सकाळची न्याहारी घालावयाची, असा हा व्यवसाय. त्यांपैकीं गिफु प्रांतांतील शिराकावा गांवच्या ओगिमाची वस्तीसंबंधीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे. कारण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस तेथील घरांची कथा परकी वाटणार नाहीं.

शो नदीच्या ह्या डोंगरी खोऱ्यांत हिवाळ्यांत पुरुषभर बर्फ सांचतें. तें घसरून पडावें म्हणून गवती छपरें फार उतरतीं बांधतात. तीं जोडलेल्या हातांसारखीं दिसतात, म्हणून नमस्काराच्या त्या मुद्रेवरूनच त्यांस ‘गाश्शो’ हें नांव पडलें. छपराचे वासे खिळ्यांनीं नव्हे, तर दोरांनीं व कोवळ्या फांद्यांच्या वेढ्यांनीं आवळलेले असतात. माळ्यांवर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत. खोऱ्याच्या दक्षिण भागांत तर मेइजी काळाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९१२ च्या सुमारापर्यंत, एकेका छपराखालीं तीस-चाळीस माणसें नांदत. जमीन इतकी थोडी कीं वाटणी परवडेना. म्हणून वडील मुलानेंच काय ती बायको घरीं आणावी, धाकट्यांनीं जन्मभर त्याच घरासाठीं राबावें आणि त्यांचीं मुलें आपापल्या आईच्या माहेरींच वाढावीं, अशी चाल होती. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणाऱ्यांनीं हें जरूर लक्षांत घ्यावें. घर टिकलें खरें. पण कोणाच्या संसाराच्या मोलानें, हेंही विचारलें पाहिजे.

पुढें रेशमाचा धंदा बसला. १९६१ सालीं पुऱ्या झालेल्या मिबोरो धरणाच्या पाण्याखालीं खोऱ्यांतील कांहीं वस्त्या गेल्या. जुनीं घरें विकलीं वा मोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां १९७१ सालीं ओगिमाचीच्या रहिवाशांनीं ठराव केला कीं, घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, पाडावयाचें नाहीं. १९९५ सालीं युनेस्कोनें ह्या वस्तीस जागतिक वारशाच्या यादींत घातलें. परंतु ठरावानें छप्पर शाकारलें जात नाहीं. गवती घर कुलूप लावून टिकत नाहीं. जमिनींत खोदलेल्या चौकोनी चुलीचा, म्हणजे ‘इरोरी’चा, धूर वर चढत राहावा लागतो. त्यानें गवत व दोर कोरडे राहतात आणि कीड लागत नाहीं. म्हणजे घरांत माणूस पाहिजे आणि चूल पेटती पाहिजे. इतकें करूनही तीस-चाळीस वर्षांनीं छप्पर बदलावेंच लागतें. पूर्वापार चालीप्रमाणें त्या दिवशीं आपल्या इरजिकीसारखीं शे-दोनशे माणसें जमतात व एका दिवसांत छपराची एक बाजू शाकारून टाकतात. अलीकडे सरकारी मदत मिळते, कसबी कारागीरही लावतात. तरी रोजचा खर्च चालविण्यास पाहुण्याचा पैसा लागतोच.

तो पैसा कसा मिळतो तें पाहावें. गृहिणी पहाटे पांचाच्या सुमारास उठते. भात, मिसोचें सार, मासा, लोणचें, रानभाजी अशी न्याहारी सात-साडेसातास मांडावी लागते. दहाच्या आंत पाहुणे गेले, कीं गाद्या गुंडाळून भिंतींतल्या कपाटांत ठेवावयाच्या, चादरी धुवावयाच्या, चटयांची जमीन झाडावयाची, न्हाणीघर घासावयाचें. तीनपासून नवे पाहुणे येऊं लागतात आणि सहाच्या सुमारास जेवणाचीं पानें वाढावीं लागतात. पान म्हणजे एकेकापुढें निरनिराळ्या वाट्या, बशा व पेले. माणशीं दहा भांडीं धरलीं तर आठ पाहुण्यांचीं ऐंशी झालीं. आणि सकाळीं पुन्हां निराळीं! हा हिशेब आमच्या भगिनींस उलगडून सांगण्याची गरज नाहीं.

तेथें सोवळेंही आहे, पण तें पायतणांचें. दारांत जोडे काढावयाचे, आंत सपाता घालावयाच्या, चटईवर पाऊल ठेवतांना त्याही काढावयाच्या. शौचकूपाच्या सपाता तर अगदीं निराळ्या, त्या बाहेर आणणें म्हणजे मोठाच अनाचार. स्नान बाहेर करून, स्वच्छ होऊन मगच ऊन पाण्याच्या टाकींत बसावयाचें. कारण तेंच पाणी सर्वांस पुरवावयाचें असतें. नवख्या पाहुण्यास हें सारें हंसून समजावून देणें हेंही गृहिणीचेंच काम. शाकाहारी मनुष्यानें मात्र आगाऊ कळवावें. मासा वाढला नाहीं तरी सारांत बहुधा सुक्या माशाचा अर्क असतोच, आणि ऐन वेळीं सांगितल्यास त्या बिचारीची फार तारांबळ होते.

खोल्यांमध्यें भिंती नसून कागदी सरकदारें असतात. पलीकडचें घोरणें इकडे ऐकूं येतें, तसें इकडचें भांडणही तिकडे. परके घरांत असतां सासूस सुनेवर आवाज चढवितां येत नाहीं, हा एक लाभ आम्ही जमेस धरतों. आगीची धास्ती मात्र अष्टौप्रहर. वस्तींत घरें पाळीपाळीनें फेरी घालून सूचना देतात, आणि दर शरदांत पाण्याचे फवारे उडवून पाहतात.

२००८ सालीं डोंगरांतून जाणारा द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हांपासून माणसांचे लोंढे येतात. पण बहुतेक दिवसाउजेडीं पाहून परततात. त्यामुळें कांहीं घरांनीं मुक्काम देणें सोडून चहा व शोभेच्या वस्तू विकण्याचें धरलें आहे. पहाटे पांचास उठणाऱ्या वृद्ध बाईस त्याबद्दल दोष देणें आम्हांस तरी जमत नाहीं. गांवांत शाळा नववीपर्यंतच. पुढील शिक्षणासाठीं मुलें पंधराव्या वर्षीं बाहेर जातात. घर परक्यास विकावयाचें नाहीं, भाड्यानेंही द्यावयाचें नाहीं; तेव्हां ज्या घरचा मुलगा परतेल त्याच घरीं पुढें चूल पेटणार. आणि परतणाऱ्या मुलाशीं लग्न करणाऱ्या मुलीस ऐंशी भांडीं, दोन वेळां, हें आधींच सांगितलेलें बरें.