फोटोत डोंगर का खुजा होतो?

इगतपुरीहून कळसूबाईकडे पाहताना ऊर दडपतो. मोबाइलवर फोटो काढला, की तेच शिखर भातखाचरांमागची टेकडी होऊन बसतं. कॅमेरा खोटं बोलत नसतो. जास्त खरं बोलत असतो.

कळसूबाई १,६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वोच्च शिखर. पण इगतपुरी स्वतःच सुमारे ६०० मीटरवर आहे आणि शिखर सरळ रेषेत अठरा-एकोणीस किलोमीटर दूर. हिशेब केला तर नजरेत त्याची उंची भरते जेमतेम तीन अंश. हात लांब करून दोन बोटं आडवी धरा, डोंगर त्यांमागे लपेल!

डोळ्यांना स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मध्यावरचा इवलासा भाग. तो शिखरावर रोखला, की मेंदू आकाश, विजेच्या तारा, शेतं बाजूला सारतो. मोबाइलची मुख्य लेन्स मात्र आडव्या फोटोत सुमारे सत्तर अंशांचा पसारा सारख्याच आस्थेने टिपते आणि तो सगळा वीतभर पडद्यावर बसवते. डोंगराच्या वाट्याला फोटोच्या उंचीचा सतरावा-अठरावा भाग येतो.

उपाय सोपा आहे. दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. चौकटीत दूरचं एखादं झाड किंवा घर येऊ द्या. त्याशिवाय डोंगराचं माप कळत नाही. इगतपुरीजवळच्या भातसा खोऱ्याच्या कड्यावर मात्र झूमच पुढे जाऊ द्या, पाऊल नको. पावसाळ्यात तिथली कड निसरडी असते आणि धुक्यात दिसतही नाही.