फिशटँकमधल्या झाडांना उजेड लागतो तरी किती?

तर झालं असं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी खोलीवर एक छोटा फिशटँक आणला. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे जेमतेम ४० लिटरचा. त्यात व्हॅलिसनेरिया लावली, सहा गप्पी सोडले. झाडं काही वाढेनात, म्हणून एक महागडा जांभळा 'प्लांट लाइट' आणला. सकाळी लॅबला जाताना लावायचा आणि रात्री आल्यावर बंद करायचा. तीन आठवड्यांत काचेवर, खड्यांवर, पानांवर शेवाळाची गोधडी पसरली. तिच्याखाली पानं सडली, आणि एका सकाळी दोन गप्पी मेलेले दिसले. दिवसभर प्रकाशसंश्लेषण मोजणारी मी, आणि घरी हा प्रकार!

चूक कुठे झाली? मी उजेडाला झाडाचं जेवण समजत होते. जास्त वाढलं की जास्त खाईल, असा हिशोब. पण उजेड म्हणजे जेवण नाही, चुलीची आच. तवा कितीही तापवा, कणीक संपली की पोळ्या वाढत नाहीत, तवा तेवढा करपतो. झाडाची कणीक म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ब्लॅकमन या शास्त्रज्ञानं १९०५ मध्येच मांडलं होतं की प्रकाशसंश्लेषणाचा वेग ज्या गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई असेल, तिच्यावर ठरतो.

पाण्यात ही टंचाई फार लवकर येते. कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट हळू पसरतो. पानाभोवतीचा साठा संपला की नवा यायला वेळ लागतो. त्यापुढचा उजेड झाडाच्या उपयोगाचा नसतो. शेवाळाचे तंतू मात्र केसासारखे बारीक. आकाराच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उरलंसुरलं ते भराभर ओढून घेतं. मग झाकलेली पानं सडतात, सडताना पाण्यातला ऑक्सिजन वापरला जातो आणि फटका माशांना बसतो.

आता दुसरा प्रश्न: जांभळा दिवाच हवा का? हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून 'हिरवा प्रकाश वाया जातो' असा समज झाला. पण मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवर मोजमाप करून दाखवलं की पान हिरवा प्रकाशही बऱ्यापैकी वापरतं. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश कामाचा. म्हणजे साधा पांढरा एलईडी चालतो. खोक्यावर 'कूल डे लाइट, ६५०० के' लिहिलेला घ्या. त्यात मासे आणि झाडं नैसर्गिक रंगाची दिसतात, हा वरचा फायदा.

मग किती वॉटचा? थोडं गणित करू. ९ वॉटचा चांगला बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. वर शेड लावली आणि त्यातला अर्धा उजेड टँकवर पडला असं धरू, म्हणजे ४५० लुमेन. टँकचं क्षेत्रफळ ०.१३५ चौरस मीटर. भागाकार केला की सुमारे ३,३०० लक्स. पण लुमेन आणि लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेली मापं आहेत; झाडाला मतलब फोटॉनच्या संख्येशी. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० नं भागलं की अंदाज येतो: दर सेकंदाला दर चौरस मीटरवर सुमारे ४७ मायक्रोमोल फोटॉन. तळाशी पोचेपर्यंत ते आणखी कमी होतात. कमी उजेडावर जगणाऱ्या झाडांना तळाशी २० ते ४० मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे ९ वॉटचा एक बल्ब, बस्स!

वॉटपेक्षा महत्त्वाचे आहेत तास. रोज ६ ते ८ तास पुरे. आपल्या आठवणीवर विसंबू नका, प्लगचा टायमर लावा. सुरुवात ६ तासांनी करा. दोन-तीन आठवड्यांत शेवाळ आलं नाही आणि झाडं मलूल वाटली, तरच अर्धा-अर्धा तास वाढवा. टँक खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका, नाहीतर हा सगळा हिशोब कोलमडतो.

झाडंही या उजेडाला झेपतील अशीच निवडा: जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन. पहिल्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दगडाला दोऱ्यानं बांधा. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतच उगवतात. नव्या पाण्यात तिची पानं कधीकधी विरघळून जातात. घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात.

आणि हो, विजेचं काम आहे. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच ठिबकेल. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद.

माझ्या टँकवर आता टेबल लॅम्पमधला ९ वॉटचा बल्ब आहे, दुपारी ३ ते रात्री ९. उरलेल्या चार गप्पींना पिल्लं झालीत. शेवाळ आहे, पण काचेच्या एका कोपऱ्यात, आपल्या पायरीनं. जांभळा दिवा माळ्यावर धूळ खातोय.