ॲट्रॉसिटी कोण करतो? इंग्रजी शब्दांचा नेमका अर्थ शिका!

गावात भांडण होते. जातीवरून शिवीगाळ होते. पीडित माणूस पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देतो आणि दुसऱ्या दिवशी गावभर बोलले जाते, "त्याने पाटलाच्या पोरावर ॲट्रॉसिटी केली!" आपलीही माणसे सहज म्हणून जातात, "आम्ही त्याच्यावर ॲट्रॉसिटी टाकली." या वाक्यात काय घडले, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

ॲट्रॉसिटी हा इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ क्रूर, अमानुष कृत्य, अत्याचार. इंग्रजीत 'टू कमिट ॲन ॲट्रॉसिटी' म्हणजे अत्याचार करणे. म्हणजे ॲट्रॉसिटी करतो तो शिवीगाळ करणारा, मारणारा, वस्ती जाळणारा. तक्रार देणारा ॲट्रॉसिटी करत नाही, त्याच्यावर ती झालेली असते. १९८९ च्या कायद्याचे नावच मुळी 'अत्याचार प्रतिबंध अधिनियम' असे आहे. पण आपल्या बोलण्यात हा शब्द उलटा झाला. अत्याचार करणारा बिचारा ठरला आणि अत्याचार सोसणारा कर्ता ठरला! एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसल्याने गुन्हेगार आणि फिर्यादी यांच्या जागा बदलल्या. ज्यांना हा कायदा नको आहे, त्यांना ही भाषा सोयीचीच आहे. ती आपण का बोलावी?

म्हणूनच आम्ही म्हणतो की, इंग्रजी शब्द शिकणे ही केवळ नोकरीच्या मुलाखतीची तयारी नव्हे. तो आपल्या हक्कांचा प्रश्न आहे.

सावित्रीमाई फुले यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहातून इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला. रामजी सुभेदारांनी आपल्या भीमाकडून तर्खडकरांच्या भाषांतरमालेतून इंग्रजीचे धडे गिरवून घेतले. भाषांतराच्या अभ्यासात नेमक्या अर्थाला नेमका शब्द शोधावा लागतो. त्या सवयीची ताकद पुढे जगाने पाहिली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिव्यवस्थेवरील निबंध, १९१९ साली साउथबरो समितीपुढील साक्ष, १९३६ चा 'अनाइहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ आणि त्यानंतर संविधान! बाबासाहेबांनी 'अनाइहिलेशन' हा शब्द निवडला, 'रिफॉर्म' नाही. रिफॉर्म म्हणजे सुधारणा. अनाइहिलेशन म्हणजे समूळ नाश. आहे त्या घराला रंग देणे वेगळे आणि ते घर पायासकट उखडणे वेगळे. हा फरक ज्याला कळला, त्याला तो ग्रंथ अर्धा कळला.

आता रोजच्या वापरातले काही शब्द पाहू.

'रिप्रेझेंटेशन' म्हणजे प्रतिनिधित्व. आरक्षण म्हणजे गरिबांना दिलेली मदत, असे जे सांगत फिरतात त्यांना हा शब्द ऐकवावा. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये कसोटी गरिबीची नाही, तर शासनाच्या सेवेत मागासवर्गाला 'अ‍ॅडिक्वेट' म्हणजे पुरेसे प्रतिनिधित्व आहे की नाही, ही आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे वरिष्ठांकडे केलेले लेखी निवेदन. बढती डावलली गेली तर 'आय सबमिटेड अ रिप्रेझेंटेशन टू द कमिशनर' असे लिहावे लागते. एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन्ही आपल्या कामाचे.

'रिझर्व्हेशन' आपल्याला पाठ आहे. पण कार्यालयाच्या बैठकीत साहेब म्हणाला, 'आय हॅव सम रिझर्व्हेशन्स अबाउट धिस प्रपोजल', तर तो आरक्षणाविषयी बोलत नाही. या प्रस्तावाबद्दल माझ्या मनात शंका आहेत, असे तो म्हणतो आहे.

'शॅल' आणि 'मे' हे दोन छोटे शब्द. कायद्यात 'शॅल' असेल तर साधारणपणे ते करावेच लागते. 'मे' असेल तर करता येते, पण बंधन नसते. मात्र येथेही सुटा शब्द पाहून भागत नाही. अनुच्छेद १६(४) मध्ये 'शॅल' आहे, पण तो 'प्रिव्हेंट' म्हणजे रोखणे या शब्दाला जोडून आला आहे, आणि वाक्य 'नथिंग'ने सुरू होते. म्हणजे राज्याला आरक्षणाची तरतूद करण्यापासून काहीही रोखणार नाही. तरतूद केलीच पाहिजे, असे ते वाक्य म्हणत नाही. याच अर्थावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात बढतीतील आरक्षण हा मूलभूत हक्क नाही आणि राज्याला तसा आदेश देता येत नाही, असा निकाल दिला. तो निकाल आपल्याला पटो वा न पटो, त्याला उत्तर द्यायचे तर आधी ते वाक्य वाचता आले पाहिजे.

चौथे उदाहरण त्याहून महत्त्वाचे. 'पब्लिक प्लेस' म्हणजे सार्वजनिक जागा. 'पब्लिक व्ह्यू' म्हणजे लोकांच्या दृष्टीस पडेल असे ठिकाण. अत्याचार प्रतिबंध कायद्यात जातीवरून अपमान करण्याच्या गुन्ह्यासाठी 'पब्लिक व्ह्यू' हे शब्द आहेत. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले की, जागा खासगी असली, उदाहरणार्थ घरापुढचे अंगण, तरी ती रस्त्यावरून कोणाला दिसत असेल तर ती 'पब्लिक व्ह्यू'मध्ये येते. याउलट २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडल्याचा आरोप या कलमात बसला नाही. म्हणजे फिर्याद लिहून देताना 'अंगणात शिवी दिली' एवढेच सांगून भागत नाही. रस्त्यावरून कोण जात होते, कोणी पाहिले, कोणी ऐकले, हेही खरे खरे नोंदवून घ्यावे लागते. एका शब्दाने खटला उभा राहतो आणि एका शब्दाने कोसळतो!

सर्वोच्च न्यायालयाचे आणि आपल्या उच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीतच चालते. अनुच्छेद ३४८ ने ते ठरवले आहे. मग आपल्या निकालाचा अर्थ दुसऱ्याने सांगावा आणि आपण मान डोलवावी, हे किती दिवस चालणार?

काही लोकांना इंग्रजीची पूजा करावीशी वाटते. २०१० साली उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातील बांका गावात इंग्रजी देवीचे मंदिर उभारण्याचा घाट घातला गेला. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण भाषा हे हत्यार आहे, आणि हत्यार देव्हाऱ्यात ठेवले की गंजते.

दुसरीकडे बाजारात 'तीस दिवसांत इंग्रजी' शिकवणारी पुस्तके मिळतात. शब्द, पुढे अर्थ, पुन्हा शब्द, पुढे अर्थ! आपली मुले ती पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात. कारण सुटा शब्द डोक्यात राहत नाही, वाक्यात आलेला राहतो. आम्ही एक साधी पद्धत सुचवतो. एक वही करावी. रोज फक्त पाच शब्द घ्यावेत. प्रत्येकाचे स्पेलिंग, मराठी अर्थ, जिथे तो सापडला ते वाक्य आणि आपल्या जगण्यातले स्वतः रचलेले एक वाक्य लिहावे. शब्दाचे गोतही लिहावे : रिप्रेझेंट, रिप्रेझेंटेशन, रिप्रेझेंटेटिव्ह. एका शब्दात तीन शब्द येतात. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ती पाने अर्थ झाकून पुन्हा वाचावीत. रोजचे पाच म्हणजे वर्षाला अठराशेहून अधिक शब्द होतात.

स्पेलिंगकडे दुर्लक्ष नको. 'कास्ट' म्हणजे जात लिहिताना शेवटी 'ई' लागतो. तो गाळला की अर्थ होतो टाकणे. 'टू कास्ट अ व्होट' म्हणजे मत टाकणे. कितीतरी अर्जांवर हा 'ई' गळालेला असतो.

आपल्या वस्तीतील विहारात रविवारी एक तास यासाठी देता येणार नाही काय? संविधानाची इंग्रजी आणि मराठी प्रत शेजारी ठेवा. एका रविवारी एक अनुच्छेद घ्या. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, वकिली शिकणारी मुले-मुली आपल्यात आहेत. त्यांनी वाचावे, आया-बहिणींनी विचारावे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आपला समाज पिशव्या भरभरून पुस्तके विकत घेतो, हा आपला अभिमान आहे. यंदा त्या पिशवीत एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोशही असू द्या.

आणि सुरुवात आजच करा. यापुढे कोणी म्हणाले की "त्यांनी ॲट्रॉसिटी केली", तर त्याला तिथेच थांबवा आणि सांगा : त्यांनी तक्रार केली, ॲट्रॉसिटी त्यांच्यावर झाली होती.