कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही!

बंदुकीचा दस्ता, खाली चाप, आणि नळीच्या जागी ही भली मोठी लेन्स! दस्ता खांद्याला टेकवायचा, एक डोळा मिटायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा... की 'खटॅक्' करून फोटो निघाला! आणि समोरचा पक्षी? तो आपला फांदीवर मजेत पंख साफ करत बसलेलाच.

या यंत्राचं नाव फोटोस्नायपर. मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्क नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६५ साली ते तयार व्हायला लागलं. तेव्हा तिथे सोव्हिएत संघ हा देश होता. कल्पना मात्र त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना शत्रूचे फोटो लांबूनच घेता यावेत, म्हणून दस्ता लावलेले कॅमेरे आधी बनले होते. पुढे युद्ध संपलं आणि तीच युक्ती पक्षी आणि प्राणी बघत रानोमाळ भटकणाऱ्यांच्या हाती आली. मला या यंत्राच्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

आज साठीच्या घरात असलेल्या या यंत्राची लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला लावली तर? चालते, आणि मस्त चालते! पण त्याआधी बऱ्याच गमती होतात.

लेन्सचं नाव आहे ताईर-३. वजन साधारण १ किलो ६०० ग्रॅम. आत काचेची भिंगं फक्त तीन, बाकी सगळा धातू. तिच्यावर दोन आकडे असतात, ३०० आणि ४.५. ३०० म्हणजे तिचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. आता ३०० ला ४.५ ने भागा बरं. उत्तर येतं जवळजवळ ६७. म्हणजे प्रकाश आत यायला ६७ मिलिमीटर रुंदीची वाट हवी. तेवढी वाट द्यायची तर पुढची काच तेवढी मोठी हवी, आणि ती पेलायला जाड धातूची नळी हवी. वजन वाढतं ते असं. २०१५ साली निकॉननं ३०० मिलिमीटरचीच एक लेन्स काढली, तिचं वजन आहे फक्त ७५५ ग्रॅम! तिच्यात एक खास भिंग आहे. त्याच्यावर बारीक गोल गोल कडी कोरलेली असतात, त्यामुळे कमी काचेत काम भागतं.

आता जोडणी. ताईरच्या मागच्या टोकाला आटे असतात. बाटलीचं झाकण फिरवून लावतो, तशी ती कॅमेऱ्यावर फिरवून बसवायची. आजच्या कॅमेऱ्यांना असे आटे नसतात, म्हणून मध्ये एक नळी लावावी लागते. तिला म्हणतात अ‍ॅडॉप्टर. ही नळी हातात घेऊन बघा. आत काच नाही, तार नाही, काही म्हणता काही नाही! बोट घातलं तर आरपार जातं. मग या पोकळ नळीचं काम तरी काय?

तिचं काम एकच, अंतर राखणं. लांबच्या वस्तूचं चित्र लेन्स आपल्या मागे एका ठरावीक जागी उमटवते. ताईरच्या बाबतीत ती जागा तिच्या बैठकीपासून ४५.४६ मिलिमीटरवर येते. एवढी लांब का? कारण जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असायचा. फोटो काढताना तो टपकन वर उचलला जायचा, त्याला हलायला जागा हवी ना! नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. करा वजाबाकी : २७.४६ मिलिमीटर. बरोब्बर तेवढी जागा ती पोकळ नळी भरून काढते.

थोडं इकडे तिकडे झालं तर काय बिघडतं? खूप बिघडतं. समजा, नळी फक्त १ मिलिमीटर जास्त लांब झाली. मग लेन्स 'अनंत अंतर' या खुणेवर ठेवली तरी स्पष्ट दिसेल ते साधारण ९० मीटरवरचं झाड. डोंगर धूसर आणि चंद्र तर त्याहून धूसर! एका मिलिमीटरनं एवढा गोंधळ होतो, म्हणून चांगली नळी बनवणाऱ्या कारागिराबद्दल मला फार आदर वाटतो.

नळी बसली, लेन्स बसली. बटण दाबलं. पण फोटो निघेना! कारण कॅमेऱ्याच्या मते लेन्स लावलेलीच नाही. आजच्या लेन्सच्या मागे छोट्या छोट्या धातूच्या टिकल्या असतात. त्यांच्यातून लेन्स आणि कॅमेरा विजेच्या इशाऱ्यांनी सारखे बोलत असतात. ताईर बिचारी गप्प. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन सांगावं लागतं, की बाबा रे, लेन्स दिसली नाही तरी फोटो काढ. आणि फिल्मच्या जागी बसलेला सेन्सर हात हलल्यावर चित्र सावरून धरणारा असेल, तर त्यालाही ३०० हा आकडा आपणच सांगायचा.

फोकस हातानं. लेन्सच्या पोटाखाली एक मोठं चाक असतं, ते डाव्या हातानं फिरवायचं. इथे नवा कॅमेरा म्हाताऱ्या लेन्सच्या मदतीला धावतो. चित्रातल्या शेजारशेजारच्या ठिपक्यांचा उजेड तो ताडून बघतो. चित्र धूसर असेल तर उजेड हळूहळू बदलतो. स्पष्ट असेल तर पिसाच्या कडेवर एका ठिपक्यात काळं, पुढच्यात एकदम पांढरं. असा फरक दिसला की कॅमेरा तिथे लाल किंवा पिवळा रंग भरतो. चाक फिरवत जा. आधी फांदी रंगते, मग शेपटी, मग चोच... आणि डोळ्याभोवती रंग चमकला, की दाबा बटण!

वजनाचा एक फायदाही आहे. जड वस्तू चटकन थरथरत नाही. जडत्व म्हणतात ते हेच. तरी ट्रायपॉड घेतलेला बरा. तो कॅमेऱ्याला न लावता लेन्सला लावायचा, नाहीतर सगळा भार कॅमेऱ्याच्या तोंडावर येतो. आणि दस्ता लावून रस्त्यात मुळीच फिरू नका हं! लांबून ती खरीच बंदूक वाटते.

चंद्रावर नेम धरला तर? चंद्र स्वतःच्या रुंदीच्या साधारण ११० पट लांब आहे, म्हणून ३०० ला ११० ने भागा. सेन्सरवर चंद्र उमटतो तो सुमारे २.७ मिलिमीटरचा! पण ३६ मिलिमीटर रुंदीच्या, २४ मेगापिक्सेलच्या मोठ्या सेन्सरवर तेवढ्याशा जागेत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेचारशे ठिपके बसतात. विवरं दिसायला तेवढे पुरतात. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून लेन्समधली प्रकाशाची वाट थोडी लहान करूनही सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो होतो. मात्र रेंगाळू नका. पृथ्वी फिरते, त्यामुळे दर दोन मिनिटांनी चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला असतो.

चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसली तर घाबरू नका. काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे सगळे रंग एकाच जागी येत नाहीत. नव्या लेन्समध्ये यासाठी खास काचा असतात. ताईरच्या तीन भिंगांना ते पूर्णपणे जमत नाही.

लेन्स नसली तरी यातलं एक गणित घरी करून बघता येतं. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि मागेपुढे करा. बाहेरचं झाड भिंतीवर उलटं उमटेल. ते स्पष्ट झालं, की भिंग ते भिंत हे अंतर पट्टीनं मोजा. भिंगाचं नाभीय अंतर जवळपास तेवढंच. आता पौर्णिमेला, दिवे मालवून, तेच भिंग चंद्रासमोर धरा आणि मागे पांढरा कागद. नाभीय अंतर २० सेंटिमीटर असेल, तर कागदावरचा चंद्र किती मिलिमीटरचा येईल ते आधी वहीत मांडून ठेवा. हे फक्त चंद्रावर करायचं बरं का. भिंगातून किंवा लेन्समधून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, डोळा कायमचा जातो.