ब्रेकचे पॅड कोणते घ्यावेत?

हिवाळ्यातली सकाळ होती. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावर आमच्या शेजाऱ्यांची मोटार सिग्नलपाशी आली. त्यांनी ब्रेक दाबला, पण गाडी पांढरा पट्टा ओलांडून अर्ध्या लांबीइतकी पुढे जाऊन थांबली. समोर कोणी नव्हते म्हणून निभावले. गंमत अशी, की आदल्याच दिवशी त्यांनी ब्रेकचे पॅड नवे बसवून घेतले होते, आणि तेही दुकानातले सर्वांत महाग, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले. पैसे जास्त मोजले आणि ब्रेक कमी लागला! असे का व्हावे?

गाडी होती ऑक्टाव्हिया आर.एस. आपल्या शहराजवळ शेंद्रा येथे २००१ सालापासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या ऑक्टाव्हियाचे हे वेगवान भावंड. दिसायला घरगुती, पण इंजिन जोरकस.

मोटारीच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. आपण पायाने ब्रेक दाबला, की तेलाच्या दाबाने दोन पॅड या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घर्षणामुळे गाडीच्या गतिज ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता किती, ते तुम्ही वहीत काढून पाहा. गाडीचे वस्तुमान १४०० किलोग्रॅम आणि वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर धरा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. उत्तर येते सुमारे ५४० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत दीड लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी फुटेल!

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातली सुमारे सत्तर टक्के उष्णता पुढच्या दोन तबकड्यांच्या वाट्याला येते, असे मानू. एकेक तबकडी आठ किलोची असेल, तर तिचे तापमान एका थांब्यात ५० अंशांनी वाढेल. शर्यतीत असे थांबे लागोपाठ येतात, मध्ये निवायला वेळ नसतो, आणि तबकडी पाचशे अंशांवर जाऊ शकते. शहरात काय होते? ताशी ५० चा वेग निम्मा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती चौथा हिस्साच. तबकडी जेमतेम तेरा अंशांनी तापते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत बरीचशी निवते.

पॅड हे एका पदार्थाचे नसतात. तंतू, धातूचा कीस, ग्रॅफाइट, खनिजांची पूड असे कितीतरी जिन्नस फेनॉलिक राळेत कालवून, दाबून आणि भाजून ते तयार करतात. (पूर्वी यात ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्याने ते मागे पडले.) मिश्रण बदलले, की पॅडचा स्वभाव बदलतो. रोजच्या वापराचे पॅड थंड असतानाच चांगले धरतात, पण तीन-साडेतीनशे अंशांपुढे त्यांतली राळ विघटित होऊ लागते. वायू सुटतात, पकड सुटते. पाय नेहमीसारखा घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. शर्यतीचे पॅड हा ताप सहन करतात, मात्र नीट धरण्यासाठी आधी त्यांना चांगले तापावे लागते. जालना रस्त्यावर ते तापणार कधी?

पुष्कळ पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले मध्यम तापमानातला घर्षणांक सांगते, दुसरे जास्त तापमानातला. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-ई’ असे दिसले, तर तापल्यावर पकड घटते, हे ओळखावे. पण ही चाचणी एक इंच चौरस तुकड्यावर होते. पॅड किती टिकेल, किती किंचाळेल, अगदी थंडीत कसे धरेल, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. दुकानदार मात्र अक्षरांवरच बोलत राहतो!

आणखी एक चूक फार जण करतात. पॅड चाकाला थांबवतो, गाडीला नाही. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांमधले घर्षण. ते घर्षण पुरते वापरले गेले, की पॅड आणखी कितीही जोराने धरो, चाक फक्त घसरू लागेल. गुळगुळीत झालेल्या टायरवर महाग पॅड म्हणजे फाटक्या चपलेला नवा अंगठा.

मग शेजाऱ्यांनी शर्यतीचे पॅड घेतले कशाला? त्यांचे सासर चाळीसगावला. कन्नडपुढचा औट्रम घाट उतरावा लागतो, आणि तिथे ब्रेक दगा देईल अशी त्यांना धास्ती. धास्ती खोटी नव्हती. तीच गाडी शंभर मीटर उंची उतरली, तर सुमारे १३७० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ताशी १०० वरून अडीच वेळा थांबण्याइतकी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले, तर ती सगळी पॅडवर येते. पण ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरले, तर तिचा मोठा वाटा इंजिनच अडवते. दुसरी गोष्ट ब्रेकच्या तेलाची. ते हवेतली ओल शोषते. ‘डॉट ४’ जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबताच पेडल मऊपणे तळाला जाते.

शेजाऱ्यांनी अखेर रस्त्याच्या वापराचे ‘एफ-एफ’ पॅड घेतले आणि तेलही बदलले. नवे पॅड तबकडीशी जुळावेत म्हणून एका रविवारी पहाटे दौलताबादच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा गाडी हळू केली, मधे पूर्ण न थांबता. नंतर ब्रेक निवू दिले. महागडे पॅड खोक्यात घालून माळ्यावर ठेवले आहेत.