मोरगाव ते चिंचवड : स्थलांतराच्या कथेतील स्थित्यंतरे

बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे मल्लिकार्जुनाच्या देवालयासमोर यज्ञवराहाची मूर्ती आहे. शिवालयासमोर विष्णूचा अवतार असल्यामुळे हे देवालय मूळचे वैष्णव असावे, असे अभ्यासक मानतात. त्याच तालुक्यातील मोरगावातून निघून पवनाकाठी चिंचवडास वसलेल्या मोरया गोसावींच्या कथेतही असेच जुने अवशेष नव्या मांडणीत राहून गेले आहेत. त्यांचा शोध मात्र शब्द व सनावळी यांच्या आधारे घ्यावा लागतो.

एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी 1800 मध्ये चिंचवडास गेला व तेथे ऐकलेली हकीकत त्याने 1801 मध्ये प्रसिद्ध केली. तीनुसार सुमारे 1640 मध्ये गणपतीने मोरयास दृष्टान्त दिला, स्नान करताना प्रथम हाती लागेल ती वस्तू पूज्य मानण्यास सांगितले आणि आपला अंश त्याच्या वंशात सात पिढ्या राहील, असे वचन दिले. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये कथेचा रोख निराळा आहे. थकलेला वृद्ध भक्त उशिरा मोरगावी पोहोचतो, मंदिर बंद असते. तेव्हा देव स्वप्नात येऊन, यापुढे तू येऊ नकोस, मीच चिंचवडास येतो, असे सांगतो. येथे स्थलांतर देवाच्या इच्छेने घडते. मोरगावासारखे प्राचीन क्षेत्र असताना चिंचवडाचे स्वतंत्र माहात्म्य का, या प्रश्नाला ही कथा उत्तर देते.

खरी अडचण कालगणनेची आहे. संप्रदायाच्या परंपरेप्रमाणे मोरयांनी शके 1483, म्हणजे 1561 मध्ये समाधी घेतली. समाधिमंदिराचे बांधकाम शके 1580 च्या सुमारास, म्हणजे 1658-59 मध्ये, चिंतामणींनी केले, असे सांगतात. हे चिंतामणी मोरयांचे पुत्र असतील, तर पित्याची समाधी व पुत्राचे बांधकाम यांत सत्त्याण्णव वर्षांचे अंतर पडते! 1650 च्या सुमारास निवर्तलेल्या तुकारामांशीही त्यांची भेट झाल्याची कथा आहे. अभ्यासकांनी मोरयांचा काळ तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंत नानाविध ठरविला, यात नवल नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या मानता येत नाहीत. तडजोड म्हणून मोरयांना असाधारण आयुर्मान बहाल करणे हा इतिहास नव्हे. माझ्या मते वंशकथेतील एखादी पिढी गळली असावी, अथवा समाधीचा शक मागे ढकलला गेला असावा. प्राचीनत्वाची ओढ लक्षात घेता दुसरा पर्याय मला अधिक संभाव्य वाटतो.

‘देव’ या उपनामाचा विचार येथे उपयुक्त ठरतो. ‘गोसावी’ हा शब्द ‘गोस्वामिन्’पासून आलेला, तो विरक्त साधकाचा निदर्शक. ‘देव’ मात्र वंशपरंपरेने चालणारे नाव होय. चिंतामणींना तुकारामांनीच ‘देव’ म्हटले, अशी उपपत्ती सांगतात. नाव रूढ झाल्यावर त्याची अशी उपपत्ती तयार होणे ही लोकव्युत्पत्तीची नेहमीचीच रीत आहे. परंतु बदल सूचक आहे : साधकाची जागा घराण्याने घेतली. औरंगजेबाने पाठविलेल्या मांसाची फुले झाली व त्याने गावे इनाम दिली, ही नारायण देवांची कथाही त्याच वळणाची. सात पिढ्यांचे वचन म्हणजे इनामाच्या वारशाला लाभलेला दैवी आधारच.

देव चिंचवडास आला, असे कथा सांगते. तथापि भाद्रपदात व माघात चिंचवडची पालखी आजही मोरगावासच जाते.